नावाचा रकाना

बिश्केक,
३ सप्टेंबर २०१२

लाडक्या अनारकूल हीस तुझ्या थोरल्या बहिणीचे, उल्कान एजेचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र व्हॅनवाल्या मालिकनं काल आणून दिलं, कुर्तच्या, त्या सुकवलेल्या दह्याच्या खारट गोळ्यांच्या पिशवीसकट. पत्र पुरवून पुरवून वाचलं, कुर्त मात्र पोरांनी माझ्या डोळ्यांदेखत संपवला. पुढच्या वेळी पिशवी जड आणि पत्रही जड पाठव. फोन करायचा म्हटलं तर तुझ्या सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात आणि तू फक्त हो, नाही, बरं, एवढंच बोलतेस, म्हणून आपली ही पत्रंच बरी.

तू लिहिलंस की गॅस डेपोतून येणाऱ्या सिलिंडरना हल्ली सारखा वास येतो, व्हॉल्व्ह गंजलेले, वॉशर तर नसतातच, आणि डेपोवाला म्हणतो पटत नसेल तर शेणी जाळा. आणि तू काय केलंस? खिडकी उघडी ठेवलीस. अगं, डोंगरात राहतेस तू, नोव्हेंबरात काय करशील? घरात तान्ही पोर आहे आणि तू खिडकीच्या भरवशावर.

आता माझं ऐक. आमच्या बिल्डिंगला किती दिवस गरम पाणी नव्हतं, तुला ठाऊक आहे. आम्ही सगळे आपापल्या स्वयंपाकघरात पाणी तापवायचो आणि जिन्यात भेटलो की कुरकुरायचो. शेवटी मीच एक अर्ज लिहिला आणि दारोदार फिरून सह्या घेतल्या. पाणी आलं, ते जाऊ दे. गंमत पुढे आहे. तळमजल्यावरचा तो घुम्या शेजारी, ज्यानं कधी मान वर करून सलाम केला नाही, तो चौथ्या दिवशी माझ्या दारात उभा. विचारत होता, आपल्या अर्जाचं काय झालं? आपल्या म्हणाला बघ. सही करेपर्यंत अर्ज माझा होता. आता तोच माणूस अंगणातल्या दिव्यासाठी नगरपालिकेत खेटे घालतो आणि मला वरून उपदेश करतो.

तेव्हा कागद घे आणि सुरुवात कर. ग्राहकांच्या तक्रारी घेणारं कार्यालय माझ्या शिलाईच्या कारखान्यापासून दोन स्टॉपवर आहे. पाकीट मालिकच्या हाती दे. मी नीट वाचून, चुका काढून, स्वतः खिडकीवर देईन. हा माझा शब्द.

आमच्या लेकीला, मेरिमला पाहून गेलेत. मुलगा बरा आहे, आई जरा तोऱ्यात असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयरीक पक्की करून कानात डूल घालायला येतील असं दिसतंय. कळवीनच.

सासूबाईंना सलाम सांग. माझ्यावर माया आहेच तुझी, ती कुर्तच्या रूपानं दिसत राहो.

तुझी,
उल्कान


आक-जार,
२१ सप्टेंबर २०१२

प्रिय उल्कान एजेस अनारचा वाकून सलाम. वि. वि.

तू म्हणालीस दारोदार फीर, मी फिरले. प्रत्येक घरात चहा मिळाला, गरम तळलेले बोरसोक मिळाले, एका घरी तर बटाट्याची परात समोर आली. सही मात्र कुठेच नाही. कोणी म्हणे बघू, कोणी म्हणे डेपो बंद पडला तर चूल कशावर पेटवायची, कोणी म्हणे कागदावर नाव गेलं की ते कुठे कुठे फिरतं कोणास ठाऊक. घरी आले तेव्हा पोट तट्ट फुगलं होतं आणि कागद कोरा होता.

चूक माझीच होती. मी तुझ्यासारखी तळमजल्यापासून निघाले, म्हणजे आमच्या दारापासून. आमच्याकडे थोरल्याच्या आधी कोणी हात पुढे करत नाही, जेवणात नाही आणि सहीतही नाही, हे मला इतकी वर्षं इथे नांदून कळायला नको? सासूबाईंनी ते ऐकलं आणि विचारलं की पांढऱ्या घोड्याच्या आजोबांकडे तू गेली होतीस का. गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते कुरणातून परत येताना मी वाटेत उभी राहिले. त्यांनी घोड्यावरूनच सगळं ऐकून घेतलं. म्हणाले की कोलखोजच्या, सरकारी सामुदायिक शेतीच्या काळात एकदा सही केली होती, नंतर फार पस्तावलो. मला वाटलं, संपलं. पण मग त्यांनी विचारलं की तुझी पोर त्याच खोलीत झोपते का जिथे सिलिंडर आहे. मी हो म्हटलं. त्यांनी कागद खोगिरावर ठेवला आणि सही केली.

मग काय विचारतेस. दिवस मावळायच्या आत सगळी गल्ली दारात. काल ज्यांनी बघू म्हटलं होतं ते आज मला रागावून विचारत होते की आमच्याकडे का नाही आलीस.

आता एक अडचण आहे आणि ती नीट वाच. सह्या ज्यानं त्यानं केल्या, पण नावाचा रकाना मी भरला, कारण कोणाकडे चष्मा नव्हता तर कोणाचं अक्षर लागत नव्हतं. सगळी गल्ली आमच्या ह्यांच्या कुळातली. सगळे माझे सासरे, दीर, आत्येसासवा. त्यांची नावं माझ्या तोंडून निघत नाहीत तशी पेनातूनही निघाली नाहीत. सासूबाई समोर बसल्या होत्या. मी घरात जसं म्हणते तसंच लिहिलं, पांढऱ्या घोड्याचे आजोबा, वरच्या घरचे, ट्रॅक्टरबाबा, चष्मेवाल्या आई. शहरात कोणी हे वाचलं तर हसेल. तू शहरात राहतेस, तुला कसलं बंधन नाही, तुझ्या सासूला तर तू नावानं हाक मारतेस. खरी नावं तू लिही. अर्धी तुला माझ्या लग्नापासून ठाऊक आहेत. उरलेली शाळेतल्या जुउराबाई फोनवर सांगतील, मी त्यांना सांगून ठेवलंय. त्यांची सरकारी नोकरी, सगळे त्यांचं अक्षर ओळखतात, म्हणून कागदाला हात लावायला त्या तयार नाहीत.

आमचे हे मॉस्कोहून आता उन्हाळ्यातच येतील म्हणतात. मेरिमच्या डुलांच्या समारंभाला मला येता येणार नाही. सोबत तिच्यासाठी नमद्याचा एक नक्षीदार शिरदाक पाठवतेय, सासूबाईंनी आणि मी मिळून शिवलाय.

चुकलं माकलं तर पदरात घे आणि अशीच पाठीशी राहा.

तुझी धाकटी,
अनार


बिश्केक,
५ ऑक्टोबर २०१२

लाडक्या अनारकूल हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितेय, रागावू नकोस. परवाच मेरिमच्या कानात डूल पडले. घरात पाहुण्यांचा नुसता बाजार भरला होता. विहीणबाईंना आमचं मटण चिवट लागलं म्हणे, पण त्यांनी तीनदा वाढून घेतलं. तुझा शिरदाक भिंतीवर लावला, सगळ्यांनी विचारलं कोणी शिवला.

तुझं पाकीट मिळालं. अर्ज ओळन् ओळ वाचला, फार छान लिहिलायस, एक स्वल्पविरामही बदलायची गरज नाही. खिडकीवर देऊन आले. त्या बाईनं शिक्का मारला. आता निश्चिंत राहा, उत्तर थेट तुमच्या गावच्या पत्त्यावर येईल.

पांढऱ्या घोड्याच्या आजोबांना माझा खास सलाम. बाकी सविस्तर पुढे लिहीन. लोभ ठेव.

उल्कान


आक-जार,
११ नोव्हेंबर २०१२

प्रिय उल्कान एजेस सलाम. वि. वि.

पत्राला उशीर झाला. आधी सांगते की सगळे जिवंत आहोत, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

गेल्या आठवड्यात पहिला बर्फ पडला. थंडीमुळे मी खिडकी लावून घेतली होती. मी गोठ्यात होते. सासूबाईंनी चहासाठी काडी ओढली आणि शेगडीऐवजी सिलिंडरच्या तोंडाशी जाळ उठला. बेगायिम पाळण्यात, चार हातांवर. सासूबाईंनी अंथरलेला नमदा ओढून त्यावर टाकला, आणि जाळ विझत नाही म्हटल्यावर उघड्या हातानं सिलिंडर धरून उंबऱ्याबाहेर ओढत नेला. मी आले तेव्हा तो अंगणात बर्फावर फुरफुरत पडला होता आणि सासूबाई पोरीच्या पाळण्यापाशी उभ्या होत्या. हात पाठीमागे लपवला होता, मला दिसू नये म्हणून.

उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. नारिन शहरातल्या दवाखान्यात नेलं. बोटं वाचतील, पण दोन बोटं पुन्हा वळतील की नाही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. बेगायिमला काही झालं नाही. ती हसतेय, खेळतेय, आणि तिच्याकडे पाहिलं की मला रडू येतं.

आम्ही दवाखान्यातून परत आलो आणि दारात पोस्टमन. आपला अर्ज परत आला. वर लिहिलंय की नावांच्या जागी टोपणनावं आहेत, अशी माणसं नोंदीत सापडत नाहीत, कार्यालयाची चेष्टा केल्याचं दिसतं, सबब विचार होऊ शकत नाही. तारीख ऑक्टोबरच्या मध्याची. म्हणजे नावं नीट असती तर बर्फाच्या आधी कोणीतरी येऊन डेपो बघून गेलं असतं. निदान तसं मनात येत राहतं.

माझ्या पेनानं सासूबाईंचा हात भाजला, एजे. मी मर्यादा राखली. कोणासमोर राखली? त्या कागदासमोर, ज्याला माझी सासू कोण आणि सासरा कोण हे ठाऊकही नाही. गल्लीतली माणसं रोज भाकरी घेऊन समाचाराला येतात, मला एक शब्द बोलत नाहीत. मी चहा ओतते, ते पितात आणि जातात. बोलले असते तर बरं झालं असतं.

जुउराबाई भेटल्या. म्हणाल्या की तुझा फोन त्यांना कधी आलाच नाही. मी त्यांना सांगितलं की माझ्या बहिणीला सगळी नावं आठवत असणार, म्हणून केला नसेल. तू ओळन् ओळ वाचलं होतंस, मग कार्यालयानंच काही घोटाळा केला असेल का? तुला काही कळलं तर लिही.

आमच्यासाठी दुआ कर.

अनार


बिश्केक,
१५ नोव्हेंबर २०१२

अनार,

आज वि. वि. लिहायला हात होत नाही. कार्यालयानं काहीही घोटाळा केला नाही. मी पाकीट उघडलंच नव्हतं.

ते आलं त्या दिवशी मी मेरिमच्या समारंभाच्या खरेदीला निघाले होते. तुझं पत्र मी वाचलं, खरं सांगायचं तर शिरदाकपर्यंतचं चाळलं. अडचण आहे, नीट वाच, हे तू लिहिलं होतंस आणि तेवढंच मी नीट वाचलं नाही. अर्जाचं पाकीट पर्समध्ये टाकलं. आठवडाभर ते तिथेच डुलांच्या डबीखाली पडून होतं. समारंभ झाला, मग आठवण झाली, तेव्हा कामावर जाता जाता बसमधून उतरून ते चिकटवलेलं तसंच खिडकीतून सरकवलं. शिक्काही मारला की नाही, मी थांबून पाहिलं नाही. आणि संध्याकाळी तुला लिहिलं की ओळन् ओळ वाचला.

खोटं का लिहिलं? तू इतक्या विश्वासानं काम सोपवलं होतंस की वाचलं नाही हे सांगायची लाज वाटली. बिल्डिंगमध्ये मी अर्जवाली बाई म्हणून मिरवते. सगळ्यांना सांगत फिरते की धाकट्या बहिणीलाही शिकवलं. त्या रात्री मला वाटलं होतं की लहानसं खोटं आहे, कोणाचं काय बिघडतंय.

जुउराबाईंना माझी बाजू घेऊन तू जे सांगितलंस ते मी स्वयंपाकघरात तीनदा वाचलं. मेरिमनं विचारलं काय झालं, तिलाही मी खोटंच सांगितलं, डोकं दुखतंय म्हणून. मग तिला सगळं सांगितलं. तिनं तुझा शिरदाक भिंतीवरून काढून घडी घालून ठेवला. तुझ्या पेनानं काही भाजलं नाही गं. तू तर मला आधी बजावलं होतंस. नावं लिहायला मला पाच मिनिटं लागली असती.

मी येऊ का? भाजल्यावर लावायचं चांगलं मलम इथे मिळतं, मालिकबरोबर आजच पाठवतेय. बेगायिमला जवळ घे.

उल्कान


बिश्केक,
२ डिसेंबर २०१२

प्रिय अनार,

मालिक म्हणतो मलम तुझ्या हातात दिलं. तू घेतलंस, उत्तर दिलं नाहीस. दर फेरीला मी स्टँडवर जाते आणि तो लांबूनच मान हलवतो. आता त्यालाही माझी दया येते, म्हणून त्यानं परवा मला चहा पाजला.

फोन केला तर पलीकडून कोणी उचलून ठेवून दिला. रागावून चार शिव्या लिहून पाठव, त्याही मी जपून ठेवीन. सासूबाईंचा हात कसा आहे एवढं तरी कळव.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क राहिला असेल तर तुझी,
उल्कान


आक-जार,
१६ डिसेंबर २०१२

उल्कानला अनारच्या सासूचा आशीर्वाद. तो तू मागितला नाहीस, तरी देते.

हे पत्र मी सांगतेय आणि सून लिहितेय, कारण माझ्या उजव्या हाताला अजून पट्टी आहे. ती तुझ्यावर रागावली आहे. मी लिही म्हटलं म्हणून लिहितेय आणि मधे मधे नाक ओढतेय. तिच्या मनातलं ती तुला स्वतः सांगेल, मी त्यात पडणार नाही. तिच्या वतीनं माफीबिफी माझ्याकडे मागू नकोस. माझ्या स्वतःच्या वतीनंही आज देत नाही, हात रात्रीचा ठणकतो. मलम चांगलं आहे, ते मी लावते.

आता इथलं ऐक. लोक माझ्या समाचाराला येऊन भिंतीला टेकून गप्प बसायचे. मला त्या गप्प बसण्याचा कंटाळा आला. एका शुक्रवारी खोली भरलेली होती, तेव्हा सुनेला सांगितलं की तो परत आलेला कागद आण आणि मोठ्यानं वाच. तिनं नको नको केलं. मी ऐकते होय. तिनं वाचायला सुरुवात केली तशी माणसं हसायला लागली. ट्रॅक्टरबाबाला इतकी वर्षं पत्ताच नव्हता की ही त्याला असं म्हणते, ट्रॅक्टर तर त्यानं कधीच विकला. वरच्या घरचे तर खोकेपर्यंत हसले. मग वरचा शेरा वाचून झाला आणि हसू थांबलं. सगळ्यांना कळलं की अर्ज का परत आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काय सांगणार? मी सून म्हणून आले तेव्हा माझ्याही तोंडाला असंच कुलूप होतं. ते मला जड वाटलं होतं, तरी ही आली तेव्हा मी हिच्या तोंडाला तेच लावलं. हिनं कधी चूक केली नाही म्हणून शेजारणींसमोर मिरवलं. त्या दिवशी अर्ज लिहिताना मी समोरच बसले होते. ही पेन हातात घेऊन थांबली तेव्हा माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलले असते तर तिनं खरी नावं लिहिली असती. मला बरं वाटलं की सून मर्यादेची आहे. हे मी तुला सांगतेय, कारण तू एकटीच दोषी असल्यासारखी पत्रं लिहितेस. तुझा वाटा मोठा आहे, पण सगळा तूच नेऊ नकोस.

तर ते पांढऱ्या घोड्यावरचे, आमच्या सगळ्यांत थोरले, उठून सुनेपुढे आले आणि आपलं नाव मोठ्यानं सांगून म्हणाले की लिही. ही माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं लिही. मग एकेक जण पुढे आला आणि आपलं नाव बापाच्या नावासकट सांगत गेला. बायकाही आल्या. काहींनी तर आपलं नाव इतक्या वर्षांत कोणासमोर उच्चारलं नव्हतं, कोणाची तरी आई म्हणूनच जगल्या. त्यांना सांगताना हसू येत होतं आणि डोळे भरत होते. जुउराबाई मागे उभी होती. ती पुढे आली आणि तिनंही नाव घातलं, सरकारी नोकरीसकट.

नाव दिल्यावर माणसं घरी बसेनात. बायका साबणाचा फेस घेऊन घरोघर फिरल्या आणि ज्या सिलिंडरच्या तोंडाशी बुडबुडे आले ते सगळे बाहेर काढले. पुरुषांनी ते स्लेजवर घालून डेपोसमोर ओळीनं उभे केले. डेपोवाला पहिल्या दिवशी कुलूप लावून पळाला. आमची माणसं शेकोटी पेटवून तिथेच बसली, मग सरपंच आला, मग कंपनीचा ट्रक आला. निम्मे बदलून दिले. उरलेल्यांबद्दल म्हणतात की वरून हुकूम नाही. वर म्हणजे तुमच्या शहरात.

म्हणून आम्ही येतोय. पुढच्या सोमवारी मालिकची व्हॅन आमची आहे. मी, सून, घोडेवाले आजोबा, जुउराबाई आणि जेवढे मावतील तेवढे. अर्ज माझ्या मांडीवर असेल. या वेळी तो कोणाच्या हाती द्यायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय. हे तुला लागेल, लागू दे. तू फक्त आम्हाला त्या खिडकीपर्यंत घेऊन चल. आम्हाला रस्ता माहीत नाही. आणि तिथे आमच्याबरोबर उभी राहा, शिक्का पडेपर्यंत.

पत्राच्या शेवटी लोभ ठेवा असं लिहायचं असतं, असं सून सांगते. ते सोमवारी स्टँडवर बघू.

खालचं नाव माझं आहे, बापाच्या नावासकट. सुनेनं पेन दोनदा खाली ठेवलं. मी म्हटलं, लिही बाई, नाहीतर हेही परत येईल.

शारीपा जुमाबाय-कीझी